माझ्यापुरती चटणी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ६४. बेळगावात शहापूर भागात राहतो. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ३१ वर्षं लेथवर काम केलं, चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. पत्नीला जाऊन दोन वर्षं झाली. मुलगा, सून आणि आठ वर्षांची नात पुण्याला, मुलगी हुबळीला. पहिलं वर्ष खानावळीच्या डब्यावर काढलं. गेल्या दसऱ्याच्या आसपास रद्दीच्या दुकानात पाककृतींचं एक जुनं पुस्तक मिळालं, ३० रुपयांना. कव्हर नाही, सुरुवातीची आठ पानं नाहीत. पण कुणा बाईंनी त्यात पानोपानी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. ते बघत बघत मी स्वयंपाक करायला लागलो. दुपारी जुनी पुस्तकं, जुने दिवाळी अंक वाचतो. वर्षभरात घरात चारेकशे पुस्तकं झाली. मला हे सगळं आवडतं. मुलगा म्हणतो, पुस्तकं रद्दीत घाला आणि पुण्याला या. शेजारच्या बाई 'मामा, एकटंच काय खातासा' म्हणत डबा आणून देतात, ते मनाला लागतं. आणि खरं सांगायचं तर आतून टोचतं ते वेगळंच. ती असताना मी कधी साधा चहा केला नाही. आता एकट्यापुरतं करून चवीनं खातो, याची लाज वाटते. माझं चुकतंय का? पुण्याला जावं का? दिवाळीला मुलगा येणार आहे, त्याला उत्तर द्यायचंय."

सप्रेम नमस्कार.

प्रश्न तुम्ही दोन विचारलेत. पण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा परिच्छेद या दोन्हींबद्दल नाही, पडवळाच्या बियांच्या चटणीबद्दल आहे. वर जागेअभावी तो गाळला, म्हणून इतर वाचकांसाठी इथे सांगते. त्या पुस्तकात या चटणीच्या कृतीशेजारी पेन्सिलीनं लिहिलंय, "यांना आवडत नाही. माझ्यापुरती." आणि खाली, निराळ्या दिवशी लिहिल्यासारखं, जरा फिकट, "खोबरं भाजून घेतलं तर जास्त छान." हे वाचून तुम्ही ओट्यापाशी बराच वेळ उभे राहिलात. पुस्तकातले पन्नासेक पदार्थ करून झाले, ही चटणी मात्र अजून केलेली नाही, असं तुम्ही लिहिलंय.

मला वाटतं, तुमचा सगळा पेच त्या एका पानावर आहे.

त्या बाई कोण, कुठल्या, कळायला मार्ग नाही. पण एवढं दिसतं, की घरात दुसऱ्या कुणाला न आवडणारी चटणी त्या स्वतःसाठी करत होत्या. एकदा केली आणि सोडली असंही नाही, खोबरं भाजून आणि न भाजता अशी दोन्ही तऱ्हांनी करून बघितली. 'माझ्यापुरती' हा शब्द त्यांनी कुणाची क्षमा मागत लिहिलेला नाही. माझी आई खानापूरकडची. भातकापणीच्या दिवसांत सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीशीच बसून उरलंसुरलं खायची. तिने स्वतःपुरतं म्हणून काही केलेलं मला आठवतच नाही, आणि तिला काय आवडायचं हेही आज मला सांगता येत नाही. म्हणून असा शब्द पेन्सिलीनं का होईना, कुणी लिहून ठेवलेला दिसला, की मला फार बरं वाटतं.

आता तुमच्या टोचणीकडे येऊ. एकट्यानं चवीनं खाण्याची लाज वाटते, असं तुम्ही म्हणता. पण त्याच्या आधीचं वाक्य आहे, "ती असताना मी कधी साधा चहा केला नाही." टोचणी आजच्या जेवणाची आहे, की मागच्या इतक्या वर्षांची? नीट विचार करा, कारण या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. आजचं जेवण बेचव केल्यानं मागचं काही फिटत नाही. मागचं तुम्हाला खरंच खटकत असेल, तर त्यावर करण्यासारखं एक काम आहे. मुलीला हुबळीला फोन लावा आणि विचारा, आई आंबाडीचं गरगटं कसं करायची, फोडणीत लसूण ठेचून घालायची की चिरून. तिला माहीत असेल, बायकांना एकमेकींच्या हाताच्या अशा गोष्टी ठाऊक असतात. ती सांगेल ते वहीत लिहा, करा, आणि चव जमली की नाही हेही तिला कळवा. नुसत्या "कशी आहेस, बरी आहे" यापलीकडे बाप-लेकीला बोलायला विषय मिळेल. आईची आठवण तिलाही येत असणार, पण ती कुणापाशी काढावी हे तिला उमगत नसेल.

जेवणाच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला एका ठिकाणी अडवणार आहे. "कधी कधी रात्री उकडलेलं रताळं आणि चहा, पुस्तक हातात, झालं जेवण" असं तुम्ही मोठ्या खुशीत लिहिलंय. हे साधं जेवण नव्हे, जेवण टाळणं आहे. साध्या जेवणालाही ताट लागतं. रताळं उत्तमच, नवरात्रात आपल्या मार्केट यार्डात त्यांची पोतीच्या पोती उतरतात, आणि इथल्या तांबड्या मातीतल्या रताळ्याला गोडी असते. पण त्याच्या जोडीला वाटीभर मुगाची किंवा मटकीची उसळ हवी, ताक हवं. चौसष्टाव्या वर्षी डाळ-कडधान्य कमी पडलं की पायातली ताकद आधी जाते. साखर असेल तर रताळं किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

शरदाचे दिवस खाण्याच्या दृष्टीनं नाजूक असतात. पाऊस ओसरतो, ऊन एकदम चढतं, आणि पावसाळ्यात साठलेलं पित्त उसळतं, असं आपलं आयुर्वेद सांगतं. 'वैद्यानां शारदी माता' अशी जुनी म्हणच आहे. या ऋतूत वैद्यांना इतके रोगी मिळतात, की शरद म्हणजे त्यांची आईच. त्यावर सांगितलेला आहारही अगदी गरिबाघरचा आहे: मूग, भात, तूप, आवळा, पडवळ, कडू-तुरट भाज्या. म्हणजे तुमच्या त्या चटणीचं पडवळ याच दिवसांतलं.

एकट्या माणसाचं गणित असं बसवा. सकाळी मूठभर मूग-मटकी भिजत घाला, रात्री उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. निम्म्याची उसळ, निम्मी परवा भातात. दोडका आणलात तर शिरा फेकू नका. त्या किसणीवर किसून, थोड्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परता, तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घाला, आठवडाभर टिकते. दोडक्याची भाजी दुपारी, शिरांची चटणी रात्रीच्या भाकरीबरोबर. ओल्या शेंगा निघाल्यात, मिठाच्या पाण्यात उकडून ठेवा, वाचताना तोंडात टाकायला बिस्किटापेक्षा बऱ्या. दुपारच्या उन्हातून आलात की नाचणीची आंबील प्या. पीठ रात्री ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून शिजवायचं, गार झाल्यावर वरून ताक, मीठ, जिरं. आणि नवा तांदूळ आला की पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. पहिल्यांदा शिजवणारे सगळेच तिथे फसतात, भाताचा गोळा होतो आणि दोष तांदळाला देतात. नव्या तांदळात ओल असते, तो चिकट होणारच. पेज किंवा मऊ खिचडी करायला तोच चांगला.

तुमच्या जुन्या पुस्तकात शेर, छटाक, तोळे अशी मापं असतील. ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम, आणि त्याचा सोळावा भाग छटाक. पण धान्य मापानं मोजायचा शेर वेगळा, तो गावोगाव बदलायचा. तुम्ही लेथवरचे, माप चुकलं की जॉब, म्हणजे कातायला घेतलेला तुकडा, वाया जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. स्वयंपाकात तसं नसतं. त्या बाईंच्या टिपा बघा, "मीठ निम्मं पुरे", "गूळ जास्त होतो". छापलेल्या मापावर त्यांनी आंधळा विश्वास ठेवला नाही, तुम्हीही ठेवू नका.

आता पुस्तकं. हा विषय माझ्याही जिव्हाळ्याचा आहे. बेळगावात चांगली मराठी पुस्तकं रद्दीत का येतात हे आपण सगळे जाणतो. आजोबा जातात, मुलं पुण्या-मुंबईला किंवा बेंगळूरला, नातवंडं इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात. घर विकायला निघालं की कपाट आधी रिकामं होतं. ज्या गावात १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, जिथे १९४६ च्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्या गावातली पुस्तकं किलोच्या भावानं जातात, हे बघून मला वाईट वाटतं. त्यातली चारशे तुम्ही उचलून घरी नेलीत, याबद्दल मला तुमचं कौतुकच आहे. तरी मुलगा म्हणतो त्यातही तथ्य आहे. पुस्तकं वाढत जातात, आणि शहापुरातली जुनी घरं पावसाळ्यात ओल धरतात.

कारखान्यात खंडेनवमीला तुम्ही लेथची पूजा करत असाल. पूजेच्या आधी काय करायचात? धातूच्या चिप्स झाडायच्या, गंज पुसायचा, तेलपाणी करायचं, आणि मग फूल वाहायचं. पुस्तकांचंही तसंच करा, दरवर्षी याच दिवसांत. आश्विनातलं ऊन हे पावसाळ्यानंतरचं पहिलं भरवशाचं कोरडं ऊन. एकेक कप्पा बाहेर काढा, पुस्तकं सावलीत, वाऱ्यावर, पानं जरा पिंजारून उभी ठेवा. सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास चालेल, दुपारचं नको, त्यानं कागद आणखी पिवळा पडतो आणि बांधणीचा डिंक तडकतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली विटा द्या. मागच्या भिंतीवर मातीची बारीक रेघ वर चढलेली दिसली तर ती वाळवी. त्या दिवशी दुसरं कुठलंही काम काढू नका. सुकवलेला कडुनिंबाचा पाला कप्प्यात ठेवायला हरकत नाही, पण तो दरवर्षी बदला. रद्दीतून आणलेलं पुस्तक लगेच इतरांत मिसळू नये. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन आठवडे वेगळं ठेवा. पिशवीच्या तळाशी पिठासारखी भुकटी पडली तर आत कसर आहे, ते पुस्तक कपाटात जाता कामा नये.

घेतानाही थोडं बघून घ्या, हे नव्यानं जुनी पुस्तकं घेऊ लागलेल्या सगळ्यांसाठी सांगते. मधली पानं मोजा. पुस्तक बहुधा सोळा-सोळा पानांच्या फॉर्मांनी बांधलेलं असतं, त्यामुळे गेलं तर एखादं पान न जाता अख्खा फॉर्म जातो, आणि गोष्ट ऐन रंगात आली की तुम्ही ३२ वरून ४९ वर येता. सालाचं पान फाटलं असेल तर किंमत बघा. रुपये-आण्यांत असेल तर पुस्तक १९५७ च्या आधीचं, नाहीतर फारतर त्याच सुमाराचं, कारण नवे पैसे त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून आले. 'नाहीं', 'कांहीं', 'घरांत' अशी टिंबं दिसली तर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचं. मला ती टिंबं वाचायला आवडतात, आजोबांच्या पिढीचं गेंगाणं बोलणं कानावर येतं. आणि एखाद्या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असेल, पण ते काढून टाकल्याचा शिक्का नसेल, तर तिथे नेऊन विचारा. आपलं नसलेलं पुस्तक घरात असलं की वाचताना मन लागत नाही.

दिवाळी अंकांचं मात्र ऐका. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही परंपरा, आणि रद्दीत सगळ्यात स्वस्त मिळतो तोही दिवाळी अंकच. पण सगळे ठेवायचे नसतात. वाचून झाला, दोन कथा आवडल्या, की पुढच्याला द्यावा. चारशेपैकी पुन्हा उघडावीशी वाटतील अशी किती, हे खुणा करून बघा. माझा अंदाज शंभराच्या आत येईल. बाकीची टप्प्याटप्प्यानं वाटा. आपल्याकडे हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात. दिवसभर मांडवात बसणारी, पुस्तकावर जीव असलेली माणसं तिथे भेटतात. एखादी पिशवी घेऊन जा. रिकामी परत येणार नाही याची मला खात्री आहे, पण बदल्यात आणलेलं तुम्ही निवडून आणलेलं असेल.

आता मुलगा. पत्रात त्याची वाक्यं तुम्ही जशीच्या तशी दिलीत ते बरं झालं. "बाबा, रात्री काय जेवलात?" "डस्टमुळे खोकला वाढेल." "पडलात बिडलात तर कोणाला कळणार?" यात पुस्तकांचा राग मला कुठेच दिसला नाही. दिसते ती भीती. आणि त्याच्या "काय जेवलात" या प्रश्नाला तुम्ही दोन वर्षं एकच उत्तर देताय, "जेवलो." त्याच्या डोळ्यांसमोर अजून चहासुद्धा न येणारे बाबा आहेत. तुम्ही गरगटं करता, मोड आणता, आंबील घोटता, हे त्याला कळणार कसं? उद्यापासून ताटाचा फोटो पाठवा. मिरवायला नव्हे, त्याला रात्री झोप लागावी म्हणून. घराची एक किल्ली शेजारी ठेवा आणि सकाळी ठरल्या वेळी एक फोन, हे तुम्हीच आपणहून सुचवा.

पुण्याला जावं का, याचं उत्तर मी देणार नाही, पण 'कायमचं' हा शब्द सध्या बाजूला ठेवा असं नक्की म्हणेन. घर विकून जाणं आणि महिनाभर राहून येणं यांत फार अंतर आहे. पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये, इथे झड लागलेली असते, सांधे धरतात, बाहेर पडवत नाही, तेव्हा एक महिना पुण्यात काढा. वीस पुस्तकं आणि ती पेन्सिलवाली पाककृती बरोबर न्या. तिथल्या ओट्यावर आठवड्यातून दोनदा तुमची पाळी, हे सुनेशी आधी बोलून घ्या. तिचं स्वयंपाकघर आहे, न विचारता शिरू नका. महिन्यानं तिघांनाही कळेल काय झेपतं आणि काय नाही. तब्येतच साथ देईना झाली तर विचार वेगळा करावा लागेल, आणि तेव्हा अडून बसू नका.

शेजारच्या बाईंच्या डब्याचं एवढं मनाला लावून घेऊ नका. "एकटंच काय खातासा" ही आपल्याकडची विचारपूस आहे, कन्नड घरात "ऊटा आय्ता?" म्हणतात तशी. तुम्हाला त्यात कीव ऐकू येते, कारण डबा एकाच बाजूनं येतो. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. तुम्ही तो धुऊन तसाच देत असाल तर पुढच्या वेळी त्यात दोडक्याच्या शिरांची चटणी घाला.

दिवाळीला मुलगा आला की लगेच उत्तर द्यायला बसू नका. पहिल्या दिवशी फराळ बाजूला ठेवून साधं जेवण करा, तुमच्या हातचं. मूगडाळीची खिचडी, तूप, पापड, ताक. नातीला ते पुस्तक दाखवा. तिला मराठी अक्षरं अडखळत येत असतील, तर छापील मजकुराच्या आधी पेन्सिलीतलं वाचू द्या. "मीठ निम्मं पुरे" हे आठ वर्षांच्या मुलीला सहज वाचता येतं.

आणि त्याआधी, हे पत्र वाचाल त्याच आठवड्यात, कोवळं पडवळ आणा. उभं चिरून आतल्या बिया गरासकट काढा. बिया कोवळ्या हव्यात, नखानं दबणाऱ्या. चमचाभर तेलावर त्या मंद आचेवर परता, कडेनं तांबूस होईपर्यंत. दोन सुक्या मिरच्या, चमचाभर तीळ, चिंचेचं बुटुक, मीठ. खोबरं भाजून घ्या, त्या बाईंनी करून बघितलेलं आहे. जाडसर वाटा. कशी झाली ते त्याच पानावर, त्यांच्या ओळीखाली, पेन्सिलीनं लिहून ठेवा, आणि मलाही कळवा.